न उगवलेल्या दाताचं माप

रुहोको
१२ जून १९९६

प्रिय अराली दादा,

तू गेल्यापासून गावात दुसरा विषय नाही. माझ्या वर्गातली पोरं अजून जीभ बाहेर काढून विचारतात, "बाई, तो गुलाबी लगदा पुन्हा कधी?" दातांचा साचा घेताना ज्यांना तो तोंडात घेताच ओकारी आली होती, तीच आता सगळ्यांत पुढे असतात. पुदिन्याची चव अजून लागते म्हणे. लागते कसली, लबाड आहेत सगळी.

आधी आईबापांना वाटलं होतं की तू पोरांचे जबडे प्लास्टरमध्ये उतरवून नेतोस ते कुणा जादूटोणेवाल्याला विकायला. देवळात उभा राहून बोललास म्हणून निभावलं. "हिरडीखालचा जो दात अजून कुणी पाहिलेला नाही, तो केवढा निघणार ते मी सांगतो," असं तू म्हणालास तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही बोलणं थांबवलं. असं आपल्या देवळात फादर बोलतात तेव्हासुद्धा होत नाही. माझ्या सासूबाई तेव्हापासून बाजारभर सांगत फिरतात की आमच्या सुनेचा भाऊ न पाहता दात पाहतो.

घरी दोन्ही बाळं ठीक आहेत. माझी अमोती आता बसवलं की बसते. माझ्या जावेचा, अकीकीचा मुलगा तिच्याहून थोडा मोठा. तिने त्याला हाकेचं नाव तुझंच ठेवलंय, हे तुला कळलं नसेल. मामा डॉक्टर, भाचाही डॉक्टर होऊ दे, म्हणते. त्यामुळे "अराली, पुन्हा ओलं केलंस का रे" असं अंगणातून ऐकू आलं की मला हसू आवरत नाही. दोघांचीही लाळ गळते. सासूबाई रोज सकाळी अंगठ्याने दोघांच्या हिरड्या दाबून बघतात.

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्यात. अकीकी खांद्यावरून वाचतेय. सहावीपर्यंत शिकलेली आहे, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. सासूबाईंनी एक प्रश्न विचारायला सांगितलाय, तो जसाच्या तसा लिहिते:

"डॉक्टर, लेकराच्या हिरडीतला दात जबड्याला जड होणार असेल तर तो तुम्हाला आधी कळतो, असं तुम्ही देवळात म्हणालात. मग तो वेळीच काढलेला बरा, हेही खरं ना?"

एवढंच. उत्तर घाईत लिहू नकोस, दादा. नीट विचार करून लिही.

तुझी,
अड्येरी


कंपाला
२० जून १९९६

प्रिय अड्येरी,

तुझं पत्र वाचून दिवसभर हसत होतो. माझ्या भाच्याने चड्डी ओली केली की सगळा दोष माझ्या नावावर, हा कुठला न्याय? अकीकीला सांग, मला तिचा फार अभिमान वाटला. आणि सासूबाईंना सांग, त्यांचा प्रश्न आमच्या प्राध्यापकांच्या प्रश्नांपेक्षा शहाणा आहे. आमचे प्राध्यापक फक्त एवढंच विचारतात, की साचे कपाटात ठेवलेस का आणि कपाटाला कुलूप लावलंस का.

तुला एकदा नीट समजावून सांगतो, म्हणजे तू त्यांना सांगशील. खालचे पुढचे चार पक्के दात सगळ्यांत आधी येतात. कॅलिपर म्हणजे दोन टोकांची मोजपट्टी, ती लावून त्या चौघांची रुंदी मोजायची, बेरीज करायची आणि तक्त्यात बघायचं. त्यांच्या मागे सुळा आणि दोन उपदाढा अजून हिरडीत दडलेल्या असतात. त्या किती जागा मागणार, तो आकडा तक्ता देतो. एक्स-रे नको, सुई नको. आमचं एक्स-रेचं यंत्र तर दोन वर्षं बंद पडून झाकून ठेवलंय, त्यामुळे हा तक्ताच आमचा देव.

फक्त हा देव परका आहे. कुठल्या तरी दूरच्या देशातली गोरी पोरं मोजून तो बनवलाय. ज्यांचे सगळे दात आलेत अशी आपली मोठी पोरं मोजून बघितली, तर तक्ता म्हणतो त्यापेक्षा दात रुंद निघतात. दुसऱ्याच्या मापाचा बूट आपल्या पायात घालून पाय चुकलाय म्हणायचं, तसं आजवर चाललंय. मला आपल्या पोरांचा आपला तक्ता करायचाय. झाला, तर या देशातल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर तो लागेल. बघ तू.

तर सासूबाईंना उत्तर असं: होय, कळतो. आपल्या लेकरांचे हिरडीतले दात पुस्तकात लिहिलंय त्याहून मोठे असतात. जबड्यात जागा कमी पडते. अशा वेळी एखादा दात वेळीच काढून टाकला तर पुढचा सगळा त्रास वाचतो. मी देवळात बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही.

याचा पुरावा मला तुमच्याच गावाने दिला. तुझ्या शाळेतल्या कितीतरी साच्यांत खालचे दुधाचे सुळे नाहीतच. दोन्ही बाजूंचे, जोडीने. मोठ्या दातांनी दाटी करून त्यांना वेळेआधी ढकलून पाडलंय. एवढा स्वच्छ पुरावा मला शहरातल्या एकाही शाळेत मिळाला नाही. पाच जुलैला हे सगळं प्रबंधाच्या परीक्षकांपुढे मांडायचंय. माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि तुझ्या सासूबाईंनाही करायला सांग. त्यांचं तिकडे वजन दिसतंय.

तुझा,
अराली


रुहोको, शाळेतून
१ जुलै १९९६

दादा,

हे पत्र मी मधल्या सुट्टीत वर्गात बसून लिहितेय. घरी कुणाला माहीत नाही. चहाच्या लॉरीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो आज कंपालाला निघालाय. त्याच्याजवळ देते.

तुझं पत्र मी शाळेत असताना आलं. अकीकीने फोडलं आणि अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी "होय, कळतो" पासून "वेळीच काढून टाकला तर" पर्यंतचा भाग पुन्हा वाचायला लावला. मी घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायका उठून चालल्या होत्या. एकीने माझा हात धरून सांगितलं, "आपल्या आज्या जे म्हणायच्या तेच कंपालाचा डॉक्टर म्हणतो. उगाच आम्हाला अडाणी म्हणायचे."

दादा, तू शाळेतल्या पोरांबद्दल लिहिलंस. इथे सगळ्यांनी ते तान्ह्या बाळांबद्दल ऐकलं.

तुला एबीनो म्हणजे काय ते माहीतच नसेल. आपली आई मिशनच्या इस्पितळात सुईण, आपण तिथल्या आवारातच वाढलो, आपल्या घरात हा शब्द कुणी काढला नाही. मलाही लग्नानंतरच कळलं. तान्ह्या बाळाला जुलाब लागले, ताप आला, की म्हणतात त्याच्या हिरडीत वाईट दात वाढतायत, अळीसारखे पांढरे. ते काढले नाहीत तर मूल जातं. शनिवारच्या बाजारात एक म्हातारा येतो. सायकलच्या चाकाची तार घासून टोकदार केलेली असते त्याच्याकडे. त्या तारेने तो हिरडी फाडतो आणि आतला कोवळा, अजून न झालेला दात उकरून बाहेर काढतो. पानावर ठेवून आईला दाखवतो. पांढरा आणि मऊ असतो, म्हणून सगळ्यांना अळी दिसते.

तुझ्या साच्यांत सुळे का नाहीत, ते आता सांगते. ते कुणी ढकलून पाडलेले नाहीत. ते उकरलेत. जोडीने, कारण म्हातारा दोन्ही बाजूंचे काढतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं लहानपणी त्याच्या मांडीवर जाऊन आलीत.

अमोतीला कालपासून जुलाब होतायत. पाण्यासारखे. झऱ्याचं पाणी आटलंय, गढूळ येतं, मी उकळते तरी कुणीतरी मधेच तसंच पाजतं. सासूबाईंनी आज सकाळी तिची हिरडी दाबली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फुगलीय. शनिवारी जायचं." मी म्हटलं, आई, इस्पितळात नेऊ या. तर म्हणाल्या, "एबीनो असताना सुई टोचली की मूल हातचं जातं. मी दोन घालवलीत तशी."

त्या दुष्ट नाहीत, दादा. त्यांची पहिली दोन मुलं जुलाबाने गेली. तिसऱ्याचे दात काढले आणि तो जगला, तो माझा नवरा. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यांचं तसं झालंय. रात्री उठून त्या अमोतीच्या नाकाशी हात धरून बघतात. मी झोपेचं सोंग घेऊन बघत असते. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भितो, आणि तरी एकमेकींना भितो.

नवरा कासेसेला कामावर आहे, महिनाअखेरीशिवाय येत नाही. दीर आईच्या शब्दाबाहेर नाही. अकीकी तर तुझं पत्र ब्लाउजमध्ये ठेवून फिरते. मी तिला बाजूला घेऊन समजवायला गेले तर म्हणाली, "ताई, तुमचा सख्खा भाऊ लिहितो आणि तुम्हीच खोटं म्हणता? तुम्ही जास्त शिकलात म्हणून तुम्हाला भीती वाटते."

मला फक्त माझी मुलगी त्या तारेपासून वाचवायची आहे. माझ्या शब्दाला इथे किंमत नाही, तुझ्या आहे. सासूबाईंच्या नावाने पत्र लिही. मोठ्या अक्षरात, सरळ. शनिवारच्या आत पोचव. जमलं तर तू स्वतः ये.

अड्येरी


कंपाला
३ जुलै १९९६

अड्येरी,

लॉरीवाल्याने पत्र काल संध्याकाळी दिलं. वाचून मी साच्यांच्या खोलीत गेलो आणि रुहोकोचे सगळे साचे टेबलावर काढून मांडले. तू म्हणतेस तसंच आहे. दाटीने पडलेल्या दाताच्या जागी हाड जसं भरतं तसं ते भरलेलं नाही. काही ठिकाणी खड्डा आहे. एका साच्यात तर शेजारचा दातही वेडावाकडा आलाय, तारेचा धक्का लागला असणार. आठवडेच्या आठवडे मी हे साचे हातात घेऊन बसलोय, आणि मला दिसलं ते फक्त माझं शहाणपण.

तक्ता दात केवढा आहे ते सांगतो. दात आत आहे, हे तो गृहीत धरतो. मीही धरलं.

आता नीट ऐक. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घे, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ नको. दर थोड्या वेळाने चमच्या-चमच्याने पाज. अंगावर पाजणं बंद करू नकोस. डोळे खोल गेले, टाळू दबली, रडताना अश्रू आले नाहीत, तर कुणालाही न विचारता इस्पितळ गाठ. अकीकीच्या बाळाला झालं तर त्यालाही तेच.

सोबतचं पत्र सासूबाईंना दे. त्यात हेच लिहिलंय: "आई, तुम्ही माझ्या आईच्या जागी. मी जे लिहिलं ते नऊ-दहा वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या पोरांबद्दल होतं. तान्ह्या बाळाच्या हिरडीत वाईट दात नसतो. जे पांढरं दिसतं तो त्याचा चांगला दात आहे, अजून कच्चा. तो काढू नका. तो काढल्याने पोरं जगत नाहीत, जगणारी तशीही जगतात. जुलाब पाण्यामुळे होतात. मी चुकीच्या जागी चुकीचं बोललो, त्याची शिक्षा बाळाला देऊ नका. तुमच्या पाया पडतो. अराली."

बसच्या कंडक्टरच्या हातात ही दोन्ही पत्रं देतोय. तो उद्या निघेल. शुक्रवारी मला परीक्षकांपुढे उभं राहायचंय, नाहीतर मी स्वतःच आलो असतो. शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी येतो, तोवर कसंही करून थोपव.

मला फार भीती वाटतेय.

अराली


फोर्ट पोर्टल, मिशनच्या इस्पितळातून
८ जुलै १९९६

प्रिय दादा,

अमोती वाचली. आधी हे लिहिते, मग बाकीचं. आताच दूध पिऊन झोपलीय, हाताला सलाईनची पट्टी आहे, आणि रडली तर डोळ्यांतून पाणी येतंय. परवा येत नव्हतं.

तुझं काही पत्र शुक्रवारपर्यंत आलं नाही. वाट बघून बघून जीव टांगणीला लागला. तू कंपालात बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस असं मनात आलं, रागाने. शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी अमोतीचं दुपटं धुऊन वाळत घातलं, उद्या बाजाराला जायचं म्हणून. दिवसभर तिला मान धरवत नव्हती. शनिवारी उजाडायच्या आत मी तिला पाठीशी बांधलं, घागर डोक्यावर घेतली आणि झऱ्यावर जाते म्हणून निघाले. केळीच्या बागेपाशी अकीकी दिसली. छोटा अराली तिच्या कडेवर होता, जागा, बोट चोखत. तिने माझ्या पाठीकडे बघितलं. झऱ्यावर जाताना कुणी बाळाला जाड दुपट्यात गुंडाळत नाही, हे तिला कळलं असणार. पण ती ओरडली नाही. "संध्याकाळी याल ना?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. वळणावर घागर गवतात ठेवली आणि रस्त्याकडे पळत सुटले.

तिथे उभी असताना एक क्षण वाटलं, परत जाऊन त्यालाही उचलून आणावं. त्याला फक्त लाळ होती, थोडं कोमट अंग. जुलाब नव्हते. आणि पाठ एकच. लॉरी आली आणि मी चढले.

इथे नर्स म्हणाली, "आणखी एक दिवस गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो." तिला मी आपल्या आईचं नाव सांगितलं, तेव्हा ओळखीची निघाली. त्यानंतर मला चहा मिळतो.

पण जिवात जीव आला म्हणतात तसं पूर्ण झालेलं नाही. घरून कुणीच आलं नाही. सासूबाई मला शोधायला येतील, शिव्या देतील, दाराशी बसून राहतील, असं वाटलं होतं. ते बरं झालं असतं. हे गप्प बसणं मला सहन होत नाही. तुझं पत्र घरी पोचलं का? तू स्वतः येणार असं काही ठरलं होतं का? मला काहीच ठाऊक नाही.

अड्येरी


कंपाला
११ जुलै १९९६

प्रिय अड्येरी,

तुझं पत्र आलं आणि मी वसतिगृहाच्या पायरीवरच बसून राहिलो. अमोतीच्या डोळ्यांत पाणी येतंय हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

रविवारी येतो असं त्या पत्रात लिहिलं होतं, पण मी आलो नाही. मला लाज वाटते सांगायला. शुक्रवारी मी परीक्षकांना सांगितलं की रुहोकोचे साचे बाद करा, मी त्यांचा अर्थ चुकीचा लावला. ते तासभर माझ्यावर तुटून पडले. एकाने विचारलं, "तू त्याच भागातला ना? मग तुला माहीत नाही?" त्यानंतर सगळं पुन्हा मोजायचं ठरलं आणि मला शनिवारी सोडलंच नाही. मी म्हणू शकलो असतो की जातोच. पण तसं म्हटलं नाही. पत्र पोचलं असेल, आता पत्र सगळं करेल, असं मनाला समजावलं.

कंडक्टरला आज गाठलं. बस वाटेत बिघडली होती. पत्रं शनिवारी दुपारी चौकातल्या दुकानात दिली म्हणाला. दुपारी म्हणजे बाजार उठायच्या आधी की नंतर, ते त्याला आठवत नाही.

छोट्या अरालीचं काय? तू त्याच्याबद्दल लिहिलंस तिथे माझं मन अडकलंय. उलट टपाली कळव. दोन शब्द लिही, पण कळव.

अराली


रुहोको
१९ जुलै १९९६

दादा,

छोटा अराली गेला.

तुझी पत्रं दुकानातून दिराने दुपारी आणली. तोवर सासूबाई आणि अकीकी त्याला घेऊन बाजारातून परतल्या होत्या.

जे झालं ते मला अकीकीने आणि सासूबाईंनी तुकड्या-तुकड्याने सांगितलंय. शनिवारी सकाळी मी घरात नाही हे कळलं तेव्हा सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. इस्पितळाची सुई टोचणार आणि अमोती जाणार, हे त्यांनी धरूनच टाकलं. मग त्यांनी अरालीची हिरडी बघितली. लाळ गळत होतीच. त्या म्हणाल्या, "एक माझ्या हातातून निसटलं. हे तरी वाचवू या." अकीकीने एकदाही नाही म्हटलं नाही. तुझं पत्र तिच्याजवळ होतंच. म्हातारा बाजारात ज्या झाडाखाली बसतो तिथे आणखी बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. एक घाबरून उठून चालली होती, तर अकीकीने तिला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि परत बसवलं.

मी अमोतीला घेऊन पळाले नसते तर सासूबाईंनी त्या दिवशी त्याच्याकडे पाहिलंही नसतं. मला दिवसरात्र दुसरं काही सुचत नाही. तू म्हणशील तुझा दोष नाही. म्हणू नकोस.

दोन दिवस तो दूध ओढत नव्हता. तोंड सुजलं, मग मान सुजली. मंगळवारी दिराने अकीकीला आणि त्याला सायकलवर बसवून इस्पितळात आणलं. मी अमोतीला घेऊन घरी निघायच्या तयारीत होते. दारात अकीकी दिसली आणि मला कळलं. त्याला अमोतीच्याच खाटेवर ठेवलं, ती नुकतीच मोकळी झाली होती. त्याच नर्सने सगळं केलं. गुरुवारी पहाटे तो गेला.

आम्ही त्याला केळीच्या बागेशेजारी पुरलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण अमोतीला माझ्या हातून घेतात आणि मांडीवर ठेवून बसतात. तिची हिरडी दाबत नाहीत. जेवण समोर ठेवलं तर हात धुतात आणि तशाच बसून राहतात. काल मात्र एक वाक्य बोलल्या. "माझी पहिली दोन कशाने गेली मग?" मी त्यांना काय सांगू? एवढी वर्षं त्या एका उत्तरावर जगल्या.

अकीकीने तुझं दुसरं पत्र स्वतः वाचलं. अंगणात बसून, मोठ्याने, पहिलं वाचलं होतं तसंच. शेजारच्या बायका ऐकत होत्या. वाचून झालं तेव्हा त्यांतली एक आपलं बाळ उचलून निघून गेली. तिच्या बाळाचे दात त्याच शनिवारी काढलेत. ते बाळ अजून बरं आहे. दुसरी म्हणाली, "मग डॉक्टरचं कुठलं पत्र खरं धरायचं?" कागदावर कुणाचा भरवसा उरलेला नाही, दादा. येत्या शनिवारी म्हातारा पुन्हा बाजारात बसणार आहे.

अकीकी तुला दोष देत नाही. देती तर बरं झालं असतं. तिने ते दोन कोवळे दात पानातून सोडवून काडेपेटीत ठेवलेत. काल रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला न पाहता दाताचं माप कळतं ना? त्यांना विचारा, माझ्या अरालीचे हे दात मोठेपणी केवढे झाले असते."

मी तिला सांगितलं, लिहून विचारते.

अड्येरी


कंपाला
२३ जुलै १९९६

अड्येरी,

मी उद्याच्या बसने निघतोय. कुणाची परवानगी मागितलेली नाही. हे पत्र आज निघणाऱ्या लॉरीवर देतोय, ते माझ्या आधी पोचेल.

शनिवारी मी त्या झाडाखाली बसणार आहे, म्हाताऱ्याच्या आधी जाऊन. माझ्याजवळ कागद नसेल, साचे नसतील. जी बाई बाळ घेऊन येईल तिच्याशी तोंडाने बोलेन. मला मारतील, हसतील, किंवा कुणी ऐकणारच नाही, याची मला भीती वाटते. कुणी ऐकेल याचीही वाटते, कारण मागच्या वेळी ऐकलं होतं. ज्या बाळांचं त्या दिवशी झालंय त्यांच्या घरी तू मला आधी घेऊन चल. सूज असेल तर लगेच इस्पितळात न्यायचं, मी स्वतः नेईन. सासूबाईंना सांग, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांची दोन्ही मुलं गढूळ पाण्याच्या जुलाबाने गेली, त्यांनी काही कमी केलं म्हणून नाही. ते मी त्यांच्या पायाशी बसून सांगेन.

अकीकीला काय सांगायचं, यावर मी रात्रभर बसून होतो. तक्ता काढून समोर ठेवला होता. त्यात सुरुवातीला पुढच्या चार दातांचं माप भरावं लागतं. आपल्या अरालीचा तर अजून एकही दात आला नव्हता. तिला म्हणावं, त्याचे दात केवढे झाले असते ते मला सांगता येत नाही, आणि हे नुसतं पत्रातून कळवून भागायचं नाही, म्हणून मी येतोय.

अराली